अर्धांगवायु : औषध आणि अभ्यास

घरांतील कर्त्या माणसास अर्धांगवायूचा झटका येऊन जिवावरचें संकट टळलें, म्हणजे सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न येतो : 'हात पुन्हां चालूं लागेल असें एखादें औषध नाहीं काय?' गुठळी विरघळविणारें पहिल्या कांहीं तासांतील औषध, अथवा रक्तदाब आटोक्यांत ठेवणारीं नित्याचीं औषधें, यांची आवश्यकता निर्विवाद आहे. आम्ही येथें विचार करीत आहोंत तो गेलेली शक्ति परत आणण्याचा.

१९१७ सालीं अमेरिकेंत ऑग्डेन व फ्रान्झ यांनीं मेंदूच्या चालक भागास इजा झालेल्या माकडांवर प्रयोग केले. मोकळें सोडलेलें माकड चांगल्या हातानेंच सर्व कामें उरकी, व लुळा हात तसाच राही. चांगला हात बांधून लुळ्या हातास कामास लाविलें, कीं तो सुधारूं लागे. अभ्यासाचें सामर्थ्य असें प्रथम दिसलें.

औषधाची आशा पुढें १९८२ सालीं उदयास आली. फीनी व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूस इजा झालेल्या उंदरांस अँफेटामाइनची एक मात्रा दिली. तेव्हां ते अरुंद पट्टीवरून लवकर चालूं लागले. परंतु मात्रा दिल्यावर ज्या उंदरांस हालचाल करूं दिली नाहीं, त्यांस तो लाभ झाला नाहीं. औषध होतें, पण अभ्यास नव्हता. म्हणून फळहि नव्हतें. आमच्या मतें या प्रयोगाचें खरें मर्म हेंच होय.

मग माणसांची पाळी आली. १९८८ सालीं आठ रोग्यांवर औषध व व्यायामोपचार यांची जोड करून पाहिली, व फळ आशादायक दिसलें. परंतु २००६ मध्यें ७१ रोग्यांच्या प्रयोगांत औषधाचा अधिक लाभ आढळला नाहीं. लेव्होडोपाची कथाहि निराळी नाहीं : २००१ मध्यें ५३ रोग्यांत यश, २०१९ मध्यें ५९३ रोग्यांत अपयश. २०११ सालीं फ्रान्समध्यें ११८ रोग्यांस व्यायामोपचारासह फ्लुओक्सेटीन दिलें, तेव्हां हातपाय अधिक सुधारले. ब्रिटनमध्यें ३१२७ रोग्यांस घेऊन केलेल्या प्रयोगाचा निकाल २०१८ मध्यें बाहेर आला : औदासीन्य कमी झालें, पण रोग्यांचें परावलंबन घटलें नाहीं, आणि हाडें मोडण्याचें प्रमाण मात्र वाढलें. या मोठ्या प्रयोगांत व्यायाम ठिकठिकाणच्या नेहमींच्या रीतीवर सोपविलेला होता, असा आक्षेप घेतां येईल. परंतु लेव्होडोपाच्या मोठ्या प्रयोगांत व्यायामाची जोड असूनहि यश आलें नाहीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

यावरून औषधाचा शोध व्यर्थ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. औषध फार तर जमीन भुसभुशीत करील; पेरणी अभ्यासानेंच व्हावयाची. अभ्यासासहि तारतम्य हवें. २०१५ सालीं २१०४ रोग्यांच्या प्रयोगांत, झटक्यानंतर चोवीस तासांच्या आंत वारंवार उठविण्याचा अतिरेक हितकर ठरला नाहीं. केव्हां व किती, हें जाणत्या वैद्यकास विचारूनच ठरवावें.

रोग्यास घांस भरविणें, सदरा चढविणें, हातीं पेला देणें ही आमच्या घरांतील माया होय. परंतु तीच माया कधीं कधीं त्या माकडाच्या मोकळ्या हाताचें काम करिते. लुळ्या हातानें पेला उचलावयास चार मिनिटें लागलीं, तर तीं चार मिनिटें शेजारीं बसून लागूं द्यावीं. आज घरच्यांच्या हातीं असलेलें खात्रीचें साह्य तें हेंच.