जहाजाआधी पैठण

पुतण्या मुंबईहून क्रूझवर निघणार आहे. आधी पुणं पाहू की नाशिक, असं विचारतो. मी बीडजवळच्या नारायणगडाच्या पायथ्याचा. त्याला पैठणलाच ये म्हणालो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण भडोच बंदरापासून २० दिवसांच्या वाटेवर आहे आणि तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणच्या पूर्वेला १० दिवसांवर. पैठणचे मौल्यवान खडे, तेरचं सुती कापड आणि मलमल गाड्यांत भरून खडतर मुलखातून भडोचला जाई, तिथून जहाजात चढे. पैठण आणि तेर यांच्या मधे आपला बीडचा मुलूख! तेरच्या लामतुरे संग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा आहेत. एक दिवस उरला तर तेही बघ, असं त्याला बजावलंय.