हरवलेली किल्ली

भोर तालुक्यातील भोंगवली येथे आमच्या एका आप्तांचे घर आहे. घराच्या पडवीला लागून जे छप्पर आहे, त्याखाली पूर्वी बैलगाडी सोडीत. आता तेथे १९५१ साली विलायतेहून आलेली एक मॉरिस मायनर मोटार उभी असते. ती घरात आली तेव्हा भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन तीन वर्षे झाली होती. गेल्या पावसाळ्यात या गाडीची किल्ली हरवली. कोनाडे, फडताळे, कोटांचे खिसे सर्व धुंडाळून झाले. किल्ली मिळाली नाही. मग घरात मसलत बसली. एकाचे मत पडले की कुलूप फोडावे. दुसरा म्हणाला, तारा परस्पर जोडून गाडी चालू करावी. तेव्हा कोपऱ्यात जपमाळ ओढीत बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘‘अरे, कुलूप आपलंच ना? मग चोरासारखं फोडायचं कशाला?’’ या एका प्रश्नाने आम्हांस त्या क्षुल्लक वस्तूच्या इतिहासाकडे वळविले.

प्रथम शब्दच पाहा. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’चा अपभ्रंश, ‘चावी’ पोर्तुगीजांबरोबर आली, ‘किल्ली’ मात्र ‘कील’ या संस्कृत शब्दाच्या कुळातली. तीन दिशांनी आलेले हे शब्द आपल्या गृहिणीच्या कमरेच्या एका जुडग्यात सुखाने नांदत आले आहेत. कमरेस किल्ल्या असणे म्हणजे घरात अधिकार असणे, हे आपल्याकडे कोणास समजावून सांगावे लागत नाही.

भोर आणि वेल्हे हा तर गडांचा मुलूख. राजगड, तोरणा, रोहिडा हे येथले मानकरी. मराठ्यांच्या गडावर सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद होत आणि किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन असत. रायगडावरील हिरकणीची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला बंद दरवाजाचा दरारा ठाऊकच आहे. परंतु शिवछत्रपतींची व्यवस्था केवळ लोखंडी कुलपावर विसंबून नव्हती. हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिन्ही अधिकारी सारख्या योग्यतेचे ठेवून त्यांनी एकाच्या फितुरीने गड जाऊ नये अशी तजवीज केली होती. किल्ली एकाच्या हाती, पण नजर तिघांची. ही दूरदृष्टी किती आवश्यक होती हे पुढे औरंगजेबाच्या स्वारीत दिसून आले. १७०३ साली सिंहगड त्याला पैसे चारून मिळाला. १७०४ साली तोरणा मात्र लढून घ्यावा लागला. द्रव्याची किल्ली प्रत्येक दरवाजास लागतेच असे नाही.

युरोपात हाच प्रश्न कारागिरांनी आपल्या परीने सोडवू पाहिला. लंडनच्या जोसेफ ब्रामा याने १७८४ साली एक कुलूप सिद्ध केले आणि जो कोणी ते उघडील त्यास दोनशे गिनी देण्याचे आव्हान आपल्या दुकानात लावून ठेवले. ते आव्हान सुमारे साठ वर्षे अबाधित राहिले. १८५१ च्या महाप्रदर्शनात हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते उघडले, तेव्हा सारे लंडन हादरले. पुढे १८६१ आणि १८६५ साली लायनस येल याने जे कुलूप पेटंट केले, त्याची चपटी, दातेरी किल्ली आज जगभर खिशाखिशांत आहे. आणि त्यातील खुंट्यांची मूळ कल्पना मात्र प्राचीन मिसर देशातील लाकडी कुलपांची आहे. आपल्याकडे मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचाच कारखाना काढला.

मोटारीस किल्ली उशिरा आली. आरंभीच्या गाड्या हँडल फिरवून चालू करीत, आणि ज्याच्या मनगटात जोर तो स्वामी, असाच व्यवहार होता. १९१२ साली कॅडिलॅक गाडीस विजेवर चालू होण्याची सोय झाली. परंतु किल्ली फिरविताच यंत्र सुरू होण्याची युक्ती क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. भोंगवलीच्या गाडीत किल्लीचे काम एवढेच की तिने विजेचा मार्ग खुला करावा. यंत्र फिरविण्यासाठी निराळी खुंटी ओढावी लागते. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांच्या किल्ल्यांचे प्रकारही मोजकेच असत. एफ. एस. या प्रसिद्ध मालिकेत ८७६ पासून ९५५ पर्यंत, म्हणजे अवघ्या ८० किल्ल्या. शेजाऱ्याची किल्ली आपल्या गाडीस लागणे अशक्य नव्हते! इतकेच नव्हे, तर किल्लीचा क्रमांक बहुधा कुलपाच्या तोंडावरच कोरलेला असे. ज्या काळी मोटारी थोड्या आणि माणसे एकमेकांस ओळखणारी होती, त्या काळचा हा भाबडा विश्वास होय.

याच विश्वासाने आमच्या आप्तांस तारले. रॉकेलच्या बोळ्याने कुलपावरील साठलेला मळ पुसताच दोन अक्षरे आणि तीन आकडे उमटले. ते टिपून पुण्यास एका किल्लीवाल्याकडे गेलो. त्याने आकडे पाहण्यापूर्वी गाडीच्या नोंदणीचे पुस्तक मागितले आणि त्यावरील नाव पडताळून मगच कोरी किल्ली कानशीला लावली. आम्हांस हा माणूस फार आवडला. आजींचा प्रश्न त्याने न ऐकताच जाणला होता.

आजच्या गाड्यांची कथा निराळी. युरोपात १९९८ सालापासून नव्या गाड्यांस असे यंत्र सक्तीचे झाले की किल्लीच्या मुठीतील सूक्ष्म तुकड्याने आपली खूण पटविल्याखेरीज गाडी सुरूच होत नाही. चोरांस हा मोठाच अडसर झाला, यात संशय नाही. परंतु अशा परदेशी गाडीच्या सर्व किल्ल्या हरवल्या, तर दाते कापून भागत नाही. गाडीच्या विद्युत्-यंत्रास नवी किल्ली ओळखावयास शिकवावे लागते, आणि ते साधन व ती गुप्त अक्षरे बहुधा कंपनीच्या स्वाधीन असतात. गाडी जुनी झाली, कंपनीने तिच्याकडे पाठ फिरविली, म्हणजे मालकाने नोंदणीचे पुस्तक कोणापुढे ठेवावे? गडाची किल्ली हवालदारापाशी होती, तरी त्याचा धनी गडाच्या स्वामीच्या हाकेच्या अंतरावर होता. येथे हवालदार सातासमुद्रांपलीकडे आणि स्वामी दाराबाहेर!

वस्तू आपली आहे, याचा खरा अर्थ काय? ती हरवली वा बिघडली असता गावातल्या माणसाच्या हातून ती पुन्हा आपली करून घेता येणे, हा त्याचा एक अर्थ निश्चित आहे. कुलूप दृढ असावे. पण ज्याचे आहे त्याला ते उघडण्याचा राजमार्गही असावा. भोंगवलीस आता त्या गाडीच्या दोन किल्ल्या आहेत. एक आजींच्या जुडग्यात आहे, आणि क्रमांक देवघरातील पंचांगाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे.