हातोहात फिरलेली टिपणं : दिल्ली कॉलेजची गोष्ट

आज दिल्लीत जाऊ या, पण लाल किल्ल्यावर नको. अजमेरी गेटजवळ गाजीउद्दीनचा जुना मदरसा आहे, तिथे. १८२५ साली या वास्तूत दिल्ली कॉलेज सुरू झालं. पुढे त्याच्या पौर्वात्य शाखेत अरबी-फारसीच्या जोडीला युरोपातली नवी शास्त्रंही शिकवू लागले, आणि तीही उर्दूतून.

आता अडचण बघा. शास्त्र नवं, भाषा घरची, पण हातात पुस्तकच नाही! १८४० च्या दशकात प्राचार्य बुत्रोस यांच्या पुढाकाराने भाषांतराचं काम जोरात सुरू झालं. कॉलेजातले शिक्षक आणि हुशार विद्यार्थी त्याला जुंपले गेले. त्यातलेच एक मास्टर रामचंद्र. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं; हे गृहस्थ १८२१ साली तिथेच जन्मले. १८४४ मध्ये ते याच शाखेत विज्ञानाचे शिक्षक झाले. त्यांचं महत्तम-लघुतम मूल्यांवरचं गणिताचं पुस्तक लंडनच्या डी मॉर्गनने १८५९ मध्ये तिकडे पुन्हा छापवलं, पण तो वेगळा विषय.

आपल्याला हवं आहे ते वर्गातलं चित्र. ते सापडतं रामचंद्रांचे लाडके विद्यार्थी झकाउल्ला यांच्या आठवणीत. म्हातारपणी त्यांनी ती दीनबंधू अँड्र्यूजना सांगितली, आणि अँड्र्यूजनी १९२९ च्या त्यांच्या चरित्रात लिहून ठेवली. विज्ञानाचं व्याख्यान संपलं की मुलं टिपणं पुन्हा पुन्हा वाचत, आणि एकाची टिपणं अनेक जण उतरवून घेत. प्रयोगही स्वतः करायला मिळत. वायू तयार करून बघायचे!

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत याच्या उलट होतं. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं आणि पुसायचं. पावकी, निमकी, दिडकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायची. लिहिलेलं जपायचं नसेच, जपायचं ते तोंडात. पाढ्यांना ही रीत उत्तम. पण रसायनातली एखादी क्रिया का घडते, हे सुरात म्हणून कसं कळणार? तिथे टिपण लागतं. आणि दुसऱ्याचं टिपण उतरवताना माणूस अडतो, ‘हे काय लिहिलंयस रे?’ म्हणून विचारतो. माझ्या मते खरा धडा त्या विचारण्यात होता. आज नोएडा-गुडगावातली मुलं फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. वाटप झालं खरं, पण मधलं अडणं गेलं.

मग १८५७ आलं. ११ मेला बंड दिल्लीत पोचलं. प्राचार्य टेलर मारले गेले, रामचंद्र कसेबसे वाचले. कॉलेजचं ग्रंथालय लुटलं गेलं. कातडी बांधणी ओरबाडून घेतली आणि आतली पानं फेकून दिली. कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडलं, ते १८७७ मध्ये बंद झालं.

झकाउल्ला तोवर अलाहाबादच्या म्योर कॉलेजात शिकवत होते. उर्दूतून गणिताची पुस्तकं त्यांनी लिहिली, एक-दोन नव्हे, ढिगाने. अजमेरी गेटच्या त्या वास्तूत आजही शाळा भरते. मेट्रोने नवी दिल्ली स्टेशनला उतरलात, तर चालत जाता येईल.