दगडाचे वय : लिथॉप्स नावाच्या वनस्पतीचा दोनशे वर्षांचा इतिहास

(१) सुपारीएवढा, मधोमध चिरलेला, करड्या-तपकिरी रंगाचा एक खडा. त्या चिरेतून शरद ऋतूत पिवळे अथवा पांढरे फूल उमलते, तेव्हाच तो खडा नसून वनस्पती असल्याची खात्री पटते. तिचे नाव लिथॉप्स, अर्थात ‘जिवंत दगड’. कुंडीत लावणारा प्रत्येक जण विचारतो, ही वाढणार किती आणि केव्हा? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात दोन शतकांचा इतिहास दडला आहे. आजचा धागा त्याविषयी.

(२) आरंभ १८११ सालचा. विल्यम जॉन बर्चेल हा इंग्रज निसर्गाभ्यासक केपटाउनहून बैलगाडा घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात निघाला. चार वर्षांत त्याने सुमारे ७,००० किलोमीटरची मजल मारली आणि वनस्पती, कीटक, पक्षी व प्राणी यांचे पन्नास हजारांहून अधिक नमुने गोळा केले. ‘बर्चेल्स झेब्रा’ हे नाव त्याच्यावरूनच पडले.

(३) ऑरेंज नदीच्या परिसरात, प्रिस्काजवळच्या खडकाळ माळावर त्याने एक चमत्कारिक आकाराचा खडा उचलला. हाती आली ती मात्र वनस्पती! १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने ही हकीगत नोंदवली आणि पुढे एक मार्मिक तर्क मांडला : रसाळ वनस्पतीला असे रूप लाभले, म्हणूनच गुरांच्या व श्वापदांच्या नजरेतून ती सुटत असावी. डार्विनचा सिद्धांत प्रसिद्ध व्हायला तेव्हा सदतीस वर्षांचा अवकाश होता.

(४) रसाळ वनस्पतींचा जाणकार एड्रियन हॉवर्थ याने १८२१ साली तिला ‘मेसेम्ब्रिअँथेमम टर्बिनिफॉर्मे’ असे लांबलचक नाव दिले. टर्बिनिफॉर्मे म्हणजे भोवऱ्याच्या आकाराची. वर्णन योग्यच होते, कारण या वनस्पतीचा भोवरा जमिनीत रुतलेला असतो आणि वर दिसतो तो केवळ त्याचा सपाट माथा. यानंतर मात्र विज्ञानाच्या दृष्टीने ही वनस्पती जवळजवळ शतकभर अज्ञातवासातच राहिली.

(५) विसाव्या शतकाच्या आरंभी अशा ‘दगडी’ वनस्पती आफ्रिकेतून पुन्हा युरोपात पोहोचू लागल्या. लंडनजवळच्या क्यू उद्यानात आयुष्य वेचलेल्या एन. ई. ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा कसून अभ्यास केला. मेसेम्ब्रिअँथेमम हे नाव तोवर अडगळीच्या खोलीसारखे झाले होते. नाना तऱ्हेच्या वनस्पती त्यात कोंबलेल्या. १९२२ साली, वयाच्या सत्तरीनंतर, ब्राउनने त्यातून एक स्वतंत्र प्रजाती वेगळी काढली. ग्रीक भाषेत ‘लिथॉस’ म्हणजे दगड, ‘ऑप्स’ म्हणजे चेहरा. दगडाचा चेहरा असलेली, ती लिथॉप्स.

(६) आता वाढीचा प्रश्न. लिथॉप्सच्या एका ‘डोक्याला’ दोनच पाने असतात. दरवर्षी जुन्या जोडीच्या पोटात नवी जोडी तयार होते. ती जुन्या पानांतले पाणी व सत्त्व शोषून घेते. जुनी पाने सुकत जाऊन शेवटी कागदासारखा पापुद्रा उरतो. जुने शरीर खर्ची घालूनच नवे शरीर घडते. त्यामुळे जमेच्या बाजूला फारसे काही उरत नाही, आणि पूर्ण वाढलेली वनस्पती वर्षानुवर्षे जवळपास त्याच मापाची राहते.

(७) हे माप किती? बहुतेक जातींत माथ्याची रुंदी दोन ते तीन सेंटिमीटर. मोठ्या जातींत पाच सेंटिमीटरच्या आसपास. बी धुळीच्या कणासारखे बारीक. पहिल्या वर्षअखेरीस रोप जेमतेम काही मिलिमीटरांचे होते आणि पहिले फूल यायला साधारण तीन किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. पुढे कधीतरी जुन्या जोडीतून एकीऐवजी दोन नव्या जोड्या निघतात आणि एकाची दोन डोकी होतात. अनेक डोक्यांचा झुपका दिसला, तर तो बहुधा दशकांचा हिशेब समजावा.

(८) ही मंदगती म्हणजे वनस्पतीचा दुबळेपणा नव्हे. जिथे पाऊस तुटपुंजा आणि ऊन निर्दय, तिथे अंग जेवढे लहान तेवढी पाण्याची हानी कमी. म्हणूनच ती जमिनीत दडते. माथ्यावर अर्धपारदर्शक ‘खिडक्या’ असतात. त्यांतून उजेड आत झिरपतो आणि हरितद्रव्य मातीखाली राहून आपले काम करते. बीजकोशही पावसात भिजल्यावरच उघडतो आणि थेंबांच्या माऱ्याने बी आसपास उडते.

(९) लाडाने पाणी घालणाऱ्यांच्या हातून ती मरते, याचे कारणही इथेच आहे. नवी पाने जुन्यांना शोषत असताना पाणी घातले, तर जुनी पाने सुकत नाहीत, नव्यांची घुसमट होते आणि कूज लागते. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

(१०) या खड्यांची शिस्तबद्ध गणना केली ती डेस्मंड कोल यांनी. व्यवसायाने ते भाषाशास्त्रज्ञ. सेट्स्वाना भाषेच्या व्याकरणावरचा त्यांचा ग्रंथ सुप्रसिद्ध आहे. पत्नी नॉरीन यांच्यासह त्यांनी दक्षिण आफ्रिका व नामिबियाचे माळ पालथे घातले, सुमारे चारशे वसाहती नोंदवल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. १९८८ साली त्यांचा ग्रंथ आला. आजही संग्राहक रोपाच्या चिठ्ठीवर ‘कोल क्रमांक’ लिहितात. ‘लिथॉप्स नॉरीनिए’ ही जात नॉरीन यांच्या नावाने ओळखली जाते.

(११) या इतिहासाचा ताजा अध्याय दुःखद आहे. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांमुळे चिमुकल्या रसाळ वनस्पतींची मागणी वाढली. बियांपासून रोप घडवायला वर्षे लागतात. माळावरून उपटायला क्षण पुरतो. लिथॉप्सची सख्खी भावंडे असलेल्या, बटणाएवढ्या कोनोफायटम वनस्पती दक्षिण आफ्रिकेत तस्करांकडून लाखोंनी जप्त झाल्या आहेत. त्यांतल्या काही जातींचा सारा अधिवास एखाद्या टेकडीपुरताच असतो. जप्त केलेले रोप नेमके कोणत्या टेकडीवरचे, हे कळेनासे झाले की त्याला घरी परत नेणेही दुरापास्त होते.

(१२) गुरांपासून आणि श्वापदांपासून या वनस्पतीला तिच्या रूपाने वाचवले, हा बर्चेलचा तर्क होता. माणूस मात्र ते रूप पाहूनच तिच्याकडे येतो. तेव्हा रोपवाटिकेतून ती घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा : हे रोप बियांपासून वाढवलेले आहे काय? सुबक, एकसारखी, कोवळी रोपे बहुधा तशीच असतात. जाडजूड, डागाळलेला, अनेक डोक्यांचा झुपका स्वस्तात मिळत असेल, तर तो कुठून आला, याची चौकशी केल्यावाचून घेऊ नये.