पोर्तोहून सांतियागोला सायकलने: संत याकोबाच्या सागरकिनारी यात्रामार्गाची ओळख

पोर्तुगालमधील पोर्तो शहरातून निघून अटलांटिक महासागराच्या काठाने उत्तरेकडे जाणारा आणि स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात प्रेषित संत याकोबाच्या समाधीपाशी संपणारा मार्ग 'पोर्तुगीज सागरकिनारी मार्ग' या नावाने ओळखला जातो. कोणता फाटा घेतला त्यानुसार त्याची लांबी सुमारे २६५ ते २८० किलोमीटर भरते. सांतियागो दे कोंपोस्तेला येथे पोहोचणाऱ्या अनेक यात्रामार्गांपैकी हा एक होय. गेल्या काही वर्षांत या मार्गावर मार्गदर्शकासह सायकल सहली निघू लागल्या आहेत. साधारण आठवडाभराच्या या सहलींत सायकल भाड्याने मिळते, सामान गाडीतून पुढे जाते, मुक्कामाची खोली आधीच ठरलेली असते आणि वाट दाखवणारा माणूस सोबत असतो.

फातिमा आणि लूर्दची यात्रा बसने करणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्याच घरातील तरुण मुलांना सायकलची आवड असते व हाती रजेचे दहा दिवस असतात. अशा वेळी प्रश्न उभा राहतो, की इतकी सोय असलेल्या सहलीला यात्रा म्हणावे काय? या लेखात मार्गाची माहिती देताना त्या प्रश्नाचाही विचार केला आहे.

प्रेषिताची समाधी

जब्दीचा मुलगा आणि योहानाचा भाऊ याकोब हा बारा प्रेषितांपैकी पहिला रक्तसाक्षी. हेरोद राजाने त्याचा तलवारीने वध करविला, ही नोंद प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे. ही घटना इ. स. ४४ च्या सुमाराची मानली जाते. परंपरा सांगते, की याकोबाने स्पेनमध्ये सुवार्ता सांगितली होती आणि त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी त्याचा देह होडीतून गॅलिसियाच्या किनाऱ्यावर, आजच्या पाद्रोन गावाजवळ आणला. नवव्या शतकाच्या आरंभी बिशप थिओदोमिरो यांच्या काळात ही समाधी सापडली असे मानले गेले. अस्तुरियासचा राजा दुसरा अल्फोन्सो याने तेथे पहिले ख्रिस्तमंदिर बांधले. आजच्या कथीड्रलचे बांधकाम १०७५ साली सुरू झाले आणि त्याचा अभिषेक १२११ साली झाला.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी आरमाराच्या भीतीने प्रेषिताचे अवशेष लपवून ठेवण्यात आले. ते १८७९ साली पुन्हा सापडले आणि पोप तेरावे लिओ यांनी १८८४ साली त्यांना मान्यता दिली. याकोबाच्या स्पेनमधील कार्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु अकराशेहून अधिक वर्षे लोक येथे प्रार्थनेसाठी येत आहेत, याविषयी कोणाचेही दुमत नाही. १९८२ व १९८९ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१० साली पोप सोळावे बेनेडिक्ट हेही येथे येऊन गेले.

पोर्तुगालमधून येणाऱ्या यात्रेकरूंत राणी संत इसाबेल हिचे नाव मोठे आहे. पती राजा दिनीश याच्या मृत्यूनंतर ती १३२५ साली सांतियागोला गेली. राजा मॅन्युएल यानेही १५०२ साली ही यात्रा केली. मध्ययुगातील राजे, बिशप आणि व्यापारी पुष्कळदा घोड्यावरून येत. म्हणजे वाहनाने येणे हे या परंपरेला नवे नाही.

वसईच्या वाचकांना या प्रेषिताची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. पोर्तुगीज काळात आपल्या भागात ज्या संतांच्या नावाने ख्रिस्तमंदिरे उभी राहिली त्यांत याकोबही आहे आणि आगाशीचे चर्च आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.

सहा दिवसांचा मार्ग

सर्वसाधारण सहलीत दररोज ३५ ते ५५ किलोमीटर अंतर कापले जाते. ते सहा दिवसांत कसे विभागता येते ते पाहू.

पहिला दिवस, पोर्तो ते एस्पोझेंदे. यात्रेची सुरुवात पोर्तोच्या टेकडीवरील कथीड्रलपासून होते. यात्रेकरूची नोंदवहीही तेथे मिळते. दोऊरो नदीच्या काठाने समुद्राशी आल्यावर मातोझिन्योस लागते. एका आख्यायिकेनुसार प्रेषिताचा देह घेऊन जाणारी होडी येथून जात असता एक घोडेस्वार लाटांत ओढला गेला आणि अंगभर शिंपले लेवून सुखरूप बाहेर आला. शिंपला हे या यात्रेचे चिन्ह कसे झाले, याची ही एक लोककथा. पुढे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेले विला दो कोंदे आणि कोळ्यांचे पोव्हुआ दे वार्झिम ही गावे आहेत. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी पादमार्ग बांधले आहेत. त्यांतील बऱ्याच ठिकाणी सायकलला मनाई असल्याने स्वारांनी शेजारचा रस्ता किंवा सायकलपट्टी धरावी.

दुसरा दिवस, एस्पोझेंदे ते कामिन्या. वाटेत लिमा नदीच्या मुखाशी वियाना दो कास्तेलो हे सुंदर शहर आहे. गुस्ताव आयफेल यांच्या कंपनीने बांधलेल्या १८७८ सालच्या पुलावरून यात्रेकरू शहरात प्रवेश करतात. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. सांतियागोकडे जाणाऱ्याला तो समोरून लागतो, त्यामुळे सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. सकाळी लवकर निघणे हाच त्यावर उपाय.

तिसरा दिवस, कामिन्या ते बायोना. येथे मिन्यो नदी दोन देशांची सीमा आहे. यात्रेकरू होडीने पलीकडे आ ग्वार्दा येथे जातात. होडी भरती-ओहोटीवर व हवामानावर अवलंबून असते. ती न मिळाल्यास नदीकाठाने वर वालेंसापर्यंत जाऊन १८८६ सालच्या पुलावरून स्पेनमधील तुई गाठावे लागते. पलीकडे गेल्यावर घड्याळ एक तास पुढे करायचे असते. हे विसरल्यास संध्याकाळची मिस्सा चुकते. पुढे समुद्राला अगदी लागून ओया येथील बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठाची इमारत दिसते. कोलंबसच्या ताफ्यातील पिंता हे जहाज १४९३ सालच्या मार्च महिन्यात परतले ते बायोना बंदरात.

चौथा दिवस, बायोना ते रेदोंदेला. मध्ये विगो हे मोठे औद्योगिक शहर आहे. पायी यात्रा करणारे पुष्कळ जण येथूनच निघतात, कारण येथून सांतियागो १०० किलोमीटरहून थोडे अधिक आहे. रेदोंदेला येथे किनाऱ्याचा मार्ग आणि पोर्तोहून आतल्या भागातून येणारा मध्यवर्ती मार्ग एकत्र येतात. येथून गर्दी वाढते. अरुंद पायवाटांवर पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी, घंटी वाजवून त्याला दचकवू नये.

पाचवा दिवस, रेदोंदेला ते काल्दास दे रेइस. वाटेत पोंतेवेद्रा येथे 'यात्रेकरू मरिया' हिचे अठराव्या शतकातील ख्रिस्तमंदिर आहे. त्याचा आराखडाच शिंपल्याच्या आकाराचा आहे. पवित्र मरियेलाही येथे यात्रेकरूच्या वेषात दाखविले आहे.

सहावा दिवस, काल्दास दे रेइस ते सांतियागो. पाद्रोनच्या ख्रिस्तमंदिरात वेदीखाली एक प्राचीन दगड जपून ठेवला आहे. प्रेषिताची होडी याच दगडाला बांधली होती अशी श्रद्धा आहे आणि गावाचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. तेथून सांतियागो सुमारे २५ किलोमीटर. शेवटचा टप्पा चढाचा आहे.

संपूर्ण वाटेवर पिवळे बाण दिसतात. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात स्वतः रंगाचा डबा घेऊन फ्रान्सकडून येणाऱ्या मार्गावर असे बाण काढले. तीच खूण पुढे इतर मार्गांनी स्वीकारली. पोर्तुगालमध्ये कोठे कोठे निळे बाणही आढळतात. ते फातिमाची वाट दाखवतात, म्हणून सांतियागोला जाणाऱ्याने त्यांच्यामागे जाऊ नये.

सायकलस्वारांसाठी अटी

यात्रा पूर्ण करणाऱ्यास सांतियागोच्या कथीड्रलतर्फे 'कोंपोस्तेला' नावाचे लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. त्यासाठी पायी येणाऱ्याला किमान १०० किलोमीटर चालावे लागते, तर सायकलने येणाऱ्याला किमान २०० किलोमीटर सायकल चालवावी लागते. नोंदवहीवर दररोज किमान दोन ठिकाणचे शिक्के हवेत. ख्रिस्तमंदिरे, यात्रीनिवास आणि वाटेवरील उपाहारगृहे येथे ते मिळतात. यात्रा धार्मिक किंवा आध्यात्मिक हेतूने केली आहे, हेही सांगावे लागते. केवळ सहल किंवा व्यायाम म्हणून आलेल्यांसाठी निराळे स्वागतपत्र आहे.

२०२४ साली जवळपास ५ लाख लोकांनी कोंपोस्तेला घेतले. त्यांतील शंभरात नव्वदहून अधिक पायी आले होते. सायकलस्वार अल्पसंख्य आहेत आणि गॅलिसियाच्या सरकारी यात्रीनिवासांत जागा देताना पायी येणाऱ्यास प्राधान्य मिळते. मार्गदर्शित सहलीत मुक्काम हॉटेलात असल्याने ही अडचण येत नाही.

मात्र सोबतच्या गाडीमुळे दुसरी अडचण येते. थकवा आला, पाऊस लागला, की गाडीत बसण्याचा मोह होतो. पोर्तोहून निघाल्यास एकूण अंतर २०० पेक्षा ६५ ते ८० किलोमीटरने जास्त असल्याने पहिल्या दिवशी थोडी मदत घेतली तरी अट मोडत नाही. शेवटच्या २०० किलोमीटरमध्ये मात्र तशी सवड नाही. ही गोष्ट मार्गदर्शकाशी पहिल्याच दिवशी बोलून घ्यावी.

मार्गदर्शक काय देतो, काय देत नाही

चांगला मार्गदर्शक पंक्चर काढतो, सुरक्षित रस्ता निवडतो, होडीची वेळ सांभाळतो आणि मागे राहिलेल्याची वाट पाहतो. साठीच्या घरातील माणसाला किंवा गुडघेदुखी असलेल्या आईला अशा आधारामुळे ही यात्रा शक्य होते, आणि सोयीची म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. राणी इसाबेलसोबतही लवाजमा होताच.

परंतु सहलीचे वेळापत्रक बहुधा निसर्गसौंदर्य, जेवण आणि विश्रांती यांच्याभोवती आखलेले असते. सकाळी नऊला निघायचे आणि दुपारी चारला पोहोचायचे, असा क्रम असेल तर खेड्यातील ख्रिस्तमंदिर आपण निघताना उघडलेले नसते आणि पोहोचल्यावर संध्याकाळच्या मिस्साची वेळ कोणी सांगत नाही. सहा दिवस शिक्के जमतात, छायाचित्रे जमतात, आणि प्रार्थना मात्र सांतियागोच्या दारापर्यंत पुढे ढकलली जाते. यात दोष सहल काढणाऱ्याचा नाही. त्याच्याकडून जे मागितले गेले, तेच त्याने दिले. म्हणून जे हवे ते पैसे भरण्यापूर्वी मागावे. मार्गात रविवार येत असल्यास मिस्सासाठी वेळ आहे काय, दिवसातून अर्धा तास शांतपणे एकत्र किंवा एकट्याने प्रार्थना करता येईल काय, आणि सांतियागोत परतीच्या विमानापूर्वी निदान एक पूर्ण दिवस आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्या सहलीला यात्रा म्हणण्यास काहीच हरकत नाही.

सांतियागोत पोहोचल्यावर

कथीड्रलसमोरील ओब्रादोइरो चौकात सायकल घेऊन जाता येते, पण कथीड्रलमध्ये सायकल आणि मोठ्या पाठपिशव्या नेऊ देत नाहीत. त्या आधी ठेवून यावे. वेदीमागील जिन्याने वर जाऊन प्रेषिताच्या मूर्तीला आलिंगन देण्याची आणि मग खाली तळघरातील समाधीपाशी गुडघे टेकण्याची प्रथा आहे. दुपारी बारा वाजता यात्रेकरूंसाठी मिस्सा असते. छताला टांगलेले 'बोताफुमेइरो' हे भव्य धूपपात्र आठ माणसे दोराने झुलवतात. ते रोज झुलवले जात नाही. मोठ्या सणांना आणि काही विशेष प्रसंगीच तो योग येतो.

कथीड्रलमध्ये अनेक भाषांतून पापनिवेदनाची सोय असते. पूर्वीच्या यात्रेकरूंना यासाठीच सांतियागोला यायचे असे. प्रमाणपत्राच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी तेथे जावे.

प्रेषिताचा सण, २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो ते सांतियागोचे पवित्र वर्ष असते. तेव्हा कथीड्रलचे पवित्र द्वार उघडले जाते. २०२१ चे पवित्र वर्ष महामारीमुळे २०२२ अखेरपर्यंत वाढवण्यात आले होते. त्यानंतरचे पवित्र वर्ष २०२७ हे आहे. त्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांनी मुक्कामाची व्यवस्था फार आधी करावी.

जाण्यापूर्वी

मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. गॅलिसियात एरवीही पाऊस पडतो, म्हणून पाठीला चिखल लागू न देणारे मडगार्ड आणि हलका रेनकोट हवाच. पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा पुरतो. निघण्यापूर्वी किमान दोन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा सायकल चालवण्याचा सराव करावा. त्यांतील निदान दोन फेऱ्या सलग दोन दिवसांच्या असाव्यात, कारण पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी सायकलवर बसणे अवघड जाते.

शेवटची तयारी घरातच होते. जाणाऱ्याने आपल्या धर्मगुरूंना सांगून जावे, त्यांचा आशीर्वाद घ्यावा, आणि ज्यांना एवढ्या लांबचा प्रवास कधीच करता येणार नाही अशा शेजाऱ्यांच्या व आजाऱ्यांच्या प्रार्थना कागदावर लिहून घ्याव्यात. सामान गाडीतून पुढे गेले, तरी तो कागद स्वतःच्या खिशात ठेवावा आणि समाधीपाशी प्रत्येकाचे नाव घ्यावे.