पडद्यावरचे चौकोन पायमोज्यांवर

सोलापुरी चादरीवरील मोर जवळून पाहिला, तर त्याच्या मानेची गोलाई प्रत्यक्षात लहान लहान पायऱ्यांची बनलेली दिसते. जुन्या व्हिडिओ गेममधील चित्रांचीही हीच तऱ्हा आहे. चौकोनामागे चौकोन मांडून तयार झालेल्या या चित्रांना विणकाम करणाऱ्यांनी अलीकडच्या काळात पायमोज्यांवर स्थान दिले आहे. जगभरातील हौशी विणकर सुयांवर असे मोजे विणतात. हा छंद नवा असला, तरी त्यामागचे तंत्र सोलापूरला अनोळखी नाही.

आलेख कागद ते पडदा

जॅकार्ड मागावर चादर विणण्याआधी नक्षी आलेख कागदावर उतरवली जाते. कागदावरील चौकोन भरलेला की रिकामा, यावरून कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे ठरते. त्यानुसार पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडली जातात. छिद्र असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी अशाच कार्डांचा विचार केला, तर हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांनी 1890 च्या अमेरिकी जनगणनेत छिद्रांच्या कार्डांवरून मोजणी केली. आजच्या संगणकाच्या पूर्वजांमध्ये कापडाचा माग गणला जातो, तो यामुळेच.

आरंभीच्या व्हिडिओ गेमना चौकोनांची काटकसर करावी लागे. तोमोहिरो निशिकादो यांच्या 1978 मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळातील खेकड्यासारखा परग्रहवासी अवघा 11 चौकोन रुंद आणि 8 चौकोन उंच आहे. 1981 च्या ‘डाँकी काँग’मध्ये प्रथम दिसलेल्या मारिओला टोपी मिळाली, कारण इतक्या थोड्या चौकोनांत केस काढणे अवघड होते; मिशा मिळाल्या, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. मोजक्या घरांत ओळख पटवण्याची ही कला चादरीचा नक्षीकार पिढ्यानपिढ्या जाणतो.

मोज्याचे गणित

कापडात उभा ताणा व आडवा बाणा असतो. सुयांवरच्या विणकामात एकाच धाग्याचे टाके एकमेकांत गुंफले जातात. ही कलाही जुनी आहे. इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे नक्षीदार मोजे इसवी सन 1000 ते 1200 या काळातील मानले जातात. आलेखातील एक चौकोन म्हणजे एक टाका, हा नियम त्यांनाही लागू पडतो आणि गेमच्या मोज्यांनाही.

मात्र टाका पूर्ण चौकोनी नसतो. तो उंचीपेक्षा रुंद असतो. समजा, 10 सेंटिमीटरमध्ये रुंदीला 30 टाके आणि उंचीला 40 ओळी बसत असतील, तर 12 चौकोनांचे चौरस चित्र 4 सेंटिमीटर रुंद व 3 सेंटिमीटर उंच होते. पडद्यावरचा नायक मोज्यावर बुटका दिसतो, तो याच कारणाने. दर तिसरी ओळ दोनदा विणली, की 16 ओळी होऊन उंची 4 सेंटिमीटर भरते. म्हणून प्रथम छोटा नमुना विणून टाके व ओळी मोजाव्यात, आलेख नंतर पक्का करावा.

घेराचेही गणित जुळावे लागते. मोज्याचा घेर 60 टाक्यांचा असेल, तर खेकड्याचे 11 आणि मधल्या रिकाम्या जागेचा 1 असे 12 टाके धरून पाच खेकडे नेमके बसतात. 64 टाके घेतल्यास चार टाके उरतात. तो घेर 16 चौकोनांच्या चित्राला सोयीचा. मोजा वरून, म्हणजे घोट्याच्या बाजूने विणायला घेतल्यास आलेख वरच्या ओळीपासून वाचावा, अन्यथा चित्र उलटे येते.

एका ओळीत दोन रंग असताना नको असलेला धागा मागील बाजूने मोकळा जातो. तो पाच टाक्यांहून लांब राहिल्यास पायाची बोटे त्यात अडकतात. म्हणून मध्येच त्याला अडकवून घ्यावे लागते. सोलापुरी चादरीला ही अडचण नाही. तिच्या दुहेरी विणीत एका बाजूस जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूस जमिनीचा होतो आणि चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. मोज्याला मात्र आतली बाजू असते, आणि मोकळ्या धाग्यांमुळे त्याची ताणण्याची क्षमताही घटते. सूत मुळातच लोकरीइतके ताणले जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्याला सुती मोजा योग्य असला, तरी त्यात नायलॉनसारख्या धाग्याचे मिश्रण असावे आणि नक्षी टाचेवर वा तळव्यावर न घेता घोट्याच्या वर घ्यावी. लाल व काळे सूत पांढऱ्यासोबत वापरण्यापूर्वी धुऊन रंग तपासणे हिताचे.

चित्र कोणाचे?

स्वतःच्या वा घरच्या माणसाच्या पायासाठी मारिओ विणणे आणि त्याचे मोजे बाजारात विकणे, यांत मोठा फरक आहे. अशी पात्रे कंपन्यांची बौद्धिक संपदा असतात. विक्रीसाठी त्यांचा परवाना लागतो. ही गोष्ट सोलापूरला समजावून सांगण्याची गरज नसावी. पानिपतसह इतरत्र तयार झालेल्या स्वस्त चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जातात, ही येथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. भौगोलिक निर्देशनाचा 1999 चा कायदा 2003 मध्ये अमलात आला आणि 2005-06 या वर्षात सोलापुरी चादर व टॉवेल यांची त्याखाली नोंदणी झाली. नावाला संरक्षण मिळाले. पण कागदावर नक्षी मांडणाऱ्या हाताचे नाव चादरीवर कधीच नव्हते.

त्यामुळे परक्या खेळातील नायकाची नक्कल करण्यापेक्षा त्याची मांडणीची रीत उचलणे अधिक फलदायी ठरेल. सोळा चौकोनांत मारिओ मावतो, तसा चादरीवरचा मोरही मावू शकतो. तो मोजा विणण्यासाठी परवाना लागणार नाही. त्यासाठी लागणारी दृष्टी सोलापूरकडे आहेच. ती जाणणारे नक्षीकार आहेत तोवर नव्या हातांनी त्यांच्याकडून शिकून घ्यायला हवे.