येम्टलँड : दोन राज्यांच्या उंबरठ्यावरचा प्रांत

नॉर्वेच्या सीमेला लागून असलेला येम्टलँड हा आज स्वीडनचा प्रांत असला, तरी १६४५ पर्यंत तो नॉर्वेच्या राज्यात मोडत होता आणि त्याआधी बराच काळ तो प्रत्यक्षात कोणाचाच नव्हता. तेथील स्टूरशोन सरोवरातल्या फ्रोसोन बेटावर अकराव्या शतकातील एक रूनशिळा, म्हणजे प्राचीन उत्तर युरोपीय लिपीत कोरलेला शिलालेख, उभी आहे. ओस्टमन नावाच्या पुरुषाने पूल बांधविला आणि येम्टलँड ख्रिस्ती केले, असे तीवर लिहिले असून त्यात कोणत्याही राजाचा उल्लेख नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

नॉर्वेचा राजा स्वेरे याने ११७८ च्या सुमारास येम्टलँडवासीयांचा पराभव केल्यावर कर पश्चिमेकडे जाऊ लागला; चर्चचा कारभार मात्र १५७० पर्यंत स्वीडनमधील उप्सालाच्या आर्चबिशपकडेच राहिला. अशा रीतीने जवळजवळ चार शतके येथील शेतकरी एका राज्याचा प्रजाजन आणि दुसऱ्या राज्यातील धर्मपीठाचा अनुयायी होता. त्याच काळात संत ओलाव्हच्या समाधीसाठी निदारोसला, म्हणजे आजच्या ट्रॉनहेमला, जाणारे स्वीडिश यात्रेकरू याच प्रांतातून डोंगर ओलांडत असत.

या दुहेरी नात्याची किंमत युद्धकाळात चुकवावी लागली. डेन्मार्क व नॉर्वे तेव्हा एकाच राजाच्या अमलाखाली होते. त्यांच्याशी १६११ मध्ये सुरू झालेल्या युद्धात स्वीडनने प्रांत व्यापून शेतकऱ्यांकडून निष्ठेची शपथ घेतली आणि १६१३ च्या तहाने तो परत जाताच ती शपथ राजद्रोह ठरून अनेकांच्या जमिनी राजाच्या मालकीच्या झाल्या व मूळ मालक त्यांच्यावर कुळे म्हणून राबू लागले. पराभूत प्रांतावर सूड उगवला जातो. येथे तो स्वतःच्याच प्रजेवर उगवला गेला. ब्रोम्सेब्रूच्या तहाने १६४५ मध्ये येम्टलँड स्वीडनकडे गेले ते कायमचे, पुढच्या युद्धांतील अल्पकालीन ताबे वगळता.

सीमा सरकली, व्यापार मात्र सरकला नाही. हिवाळ्यात जमीन गोठली की शेतकरी घसरगाड्या भरून खिंडी ओलांडत आणि ट्रॉनहेमच्या फ्योर्डवरील, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या अरुंद खाडीवरील, लेवांगेरच्या बाजारात माल विकून मीठ व मासळी घेऊन येत. पूर्वेला दाट अरण्य पसरलेले असल्याने हा व्यवहार स्वाभाविकच होता. त्याला आळा घालून व्यापार स्वीडनमध्येच ठेवण्याच्या हेतूने राजा गुस्ताव्ह तिसरा याने १७८६ मध्ये सरोवराकाठी ओस्टरसुंद हे शहर वसविले, परंतु हुकूमनाम्याने जुनी वाट मोडली नाही. १८१४ पासून दोन्ही देश एका राजाखाली आले होते. त्या संयोगाच्या काळात, १८८२ मध्ये, राजा ऑस्कर दुसरा याने स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यापासून ट्रॉनहेमपर्यंतच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले आणि तो लोहमार्ग ओस्टरसुंदमधूनच पश्चिमेकडे जात होता.